उत्तर येते, प्रश्न कळत नाही

मार्च २०२४ मधली गोष्ट आहे. आमच्या गल्लीतली एक मुलगी सरकारी मराठी शाळेत पाचवीला होती. त्या वर्षी कर्नाटक सरकारने पाचवी, आठवी आणि नववीची परीक्षा राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर घ्यायचे ठरवले होते. पहिल्या पेपरला निघताना तिच्या आईने देवापुढे दिवा लावला, हातावर दही-साखर ठेवली. ११ मार्चला परीक्षा सुरू झाली आणि १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. पुढे २२ मार्चला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने परवानगी दिली, २५ तारखेपासून राहिलेले पेपर झाले, आणि ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकालालाच स्थगिती दिली. दहा वर्षांच्या मुलीला एवढे सगळे कोण समजावून सांगणार? मधल्या दोन आठवड्यांत ती रोज संध्याकाळी आईला एकच विचारायची, "उद्या पेपर हाय की न्हाई?"

त्या दिवसांत तिची आई आमच्या दारात आली. म्हणाली, "भाऊजी, हिचं गणित जरा बघता काय? घरात कुणाला जमत नाही." मी बँकेत आकडेमोड करणारा माणूस, म्हणून गल्लीत माझ्याकडे गणित येते. मी तिला पुस्तकातल्यासारखेच एक उदाहरण लिहून दिले : एका पेटीत २४ आंबे याप्रमाणे १५ पेट्यांतील एकूण आंब्यांपैकी ३६ आंबे खराब झाले असल्यास शिल्लक आंब्यांची संख्या काढा. तिने ते एका दमात, एकही चूक न करता मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे बघून विचारले, "काका, गुणायचं की वजा करायचं?"

मी म्हटले, पुन्हा वाच. तिने पुन्हा तितकेच सुरेख वाचले आणि पुन्हा तेच विचारले.

मग मी कागद बाजूला ठेवला. "तुझ्या मामानं १५ पेट्या आंबे आणले, एकेका पेटीत २४. त्यातले ३६ नासले. विकायला किती राहिले?" तिने फरशीवर बोटाने काहीतरी केले आणि अर्ध्या मिनिटात सांगितले, ३२४. बरोबर उत्तर! म्हणजे गुणाकार तिला येत होता, वजाबाकी येत होती, कोणत्या वेळी काय करायचे हेही येत होते. अडले होते ते छापील वाक्यापाशी. तिला उत्तर येत होते, प्रश्न कळत नव्हता.

त्या दिवसापासून मी गल्लीतल्या पाच-सहा मुलांना संध्याकाळी घेऊन बसतो. मी शिक्षक नाही, कॉमर्सचा पदवीधर आहे, आणि शिक्षणावर लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच. पण या दोन वर्षांत जे दिसले ते आपल्या पत्रकातून सभासदांपुढे मांडणे मला गरजेचे वाटते. कारण मराठी शाळा वाचवा असे आपण ठरावात लिहितो, मोर्चात म्हणतो. त्या शाळेतल्या मुलाला मराठीतला प्रश्न वाचून कळतो की नाही, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

चार परीक्षा, एकच गोंधळ

पालकांशी बोलताना लक्षात येते की परीक्षांची सगळी नावे त्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळलेली आहेत. म्हणून थोडा खुलासा करतो.

पहिली, शाळेतली वर्षभराची मोजणी. तिला मुले एफए आणि एसए म्हणतात. वर्षात चार एफए आणि दोन एसए. यात तोंडी, प्रकल्प, वहीकाम सगळे धरतात आणि ही परीक्षा शिक्षकांच्या हातातली असते.

दुसरी, पाचवी आणि आठवीची बाहेरून येणारी परीक्षा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे होते. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला वर्षाच्या शेवटी परीक्षा घ्यावी, नापास झालेल्या मुलाला जादा शिकवून निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी, आणि त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवायचे की नाही ते सरकारने ठरवावे, अशी ती दुरुस्ती आहे. शाळेतून काढून टाकता मात्र कोणालाही येत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय विद्यालये, नवोदय अशा आपल्या शाळांसाठी मागे ठेवण्याचा नियम केला. कर्नाटकात २०२३ च्या मार्चमध्ये पाचवी-आठवीचे 'मौल्यांकन' झाले, तेही न्यायालयाच्या फेऱ्यातूनच, आणि २०२४ चा प्रकार वर सांगितला आहे. निकाल न्यायालयाने थांबवला म्हणून काही पालकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण २०१९ ची दुरुस्ती कायद्यात आहे तोवर ही परीक्षा कोणत्या ना कोणत्या नावाने दारात येतच राहणार, हे धरून चालावे.

तिसरी म्हणजे देशभरची पाहणी. १२ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, ते तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचे. ४ डिसेंबर २०२४ ला 'परख'चे झाले, ते तिसरी, सहावी आणि नववीचे. यात निवडक शाळांतली निवडक मुले बसतात. मुलाचा निकाल लागत नाही, जिल्ह्याचा आणि राज्याचा लागतो. याला घाबरण्याचे काही कारण नाही.

चौथी, निवडीची परीक्षा. पाचवीतल्या मुलांना नवोदयसाठी बसवतात ती. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे, तेही उतारा वाचून पर्याय निवडण्याचे.

या चारींत समान काय? धडा पाठ आहे का, हे बाहेरची परीक्षा फारसे विचारत नाही. अनोळखी वाक्य एकट्याने, मनातल्या मनात वाचायचे, त्यात काय मागितले आहे ते ओळखायचे आणि ठरलेल्या वेळेत लिहायचे, एवढेच ती मागते. आमची मुले नेमकी तिथेच थांबतात. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' योजना सुरू केली तेव्हा २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावे हे उद्दिष्ट ठेवले. यातला 'समजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मूल खडाखडा वाचू लागले की आई-वडील निश्चिंत होतात.

तेरीज जुळली, हिशेब चुकला

यावर आपल्या घरांतला ठरलेला उपाय म्हणजे शिकवणी. आता पहिली-दुसरीची मुलेही पाठीला दप्तर लावून शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून घरी असे फिरतात. शिकवणीत काय होते? प्रश्नोत्तरे उतरवून घेतात, ती पाठ होतात, एफएमध्ये तोच प्रश्न तशाच शब्दांत आला की पैकीच्या पैकी गुण पडतात आणि सगळे खूश.

कॉमर्स शिकलेल्यांना तेरीज, म्हणजे आपल्या बोलण्यातले ट्रायल बॅलन्स, आठवत असेल. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे वह्या बरोबर, असे नवशिक्याला वाटते. पण आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवले होते की तेरीज जुळूनही काही चुका आतच राहतात. त्यातली सर्वांत मोठी कोणती? जो व्यवहार वहीत लिहिलाच गेला नाही, तो. त्याची जमेची नोंद नाही आणि नावेचीही नाही, मग तेरीज न जुळायला कारणच काय? पाठांतरावर मिळालेल्या गुणांचे असेच आहे. प्रगतिपुस्तक जुळते, समजण्याची नोंद मात्र झालेलीच नसते. ती चूक बाहेर येते थेट आठवीत, नववीत, आणि तोपर्यंत 'मुलाचे डोके गणितात चालत नाही' असा शिक्का आपणच मारून मोकळे झालेलो असतो.

आमच्या काऊंटरवर रोज याचे पुढचे रूप दिसते. दहावी-बारावी झालेली तरुण मुले पैसे पाठवण्याचा फॉर्म माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, "साहेब, कुठं काय लिहायचं तेवढं सांगा." अक्षरे त्यांना येतात. फॉर्मवर सगळे लिहिलेलेही असते. पण छापील कागद आपल्याशी बोलतो आहे आणि आपण तो स्वतः समजून घ्यायचा आहे, ही सवयच त्यांना कधी लागलेली नाही.

आणखी एक कबुली येथेच देतो. माझी स्वतःची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. मराठी शाळेच्या पटावर भाषणे ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. म्हणून हे सांगणे फक्त मराठी शाळेतल्या मुलांच्या पालकांसाठी नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला प्रश्न दुप्पट अवघड असतो. तो आधी परक्या भाषेत वाचतो आणि समजून सांगणारे घरात कोणी नसते. माझी मुलगी तिसरीत 'हाऊ मेनी मोअर' हे शब्द दिसले की बेरीज करायची, कारण 'मोअर' म्हणजे जास्त, एवढेच तिला ठाऊक होते. मराठीत "त्याच्याकडे तुझ्यापेक्षा किती जास्त?" असे विचारले की वजाबाकी करायची. ज्या घरात मराठीत विचार करून घेतला जातो त्या घरातले मूल कोणत्याही माध्यमात तरते, हे मी तिच्यावरून शिकलो, पण उशिरा.

घरात रोज वीस मिनिटे

मग करायचे काय? यात खर्च काही नाही, मात्र रोज केले पाहिजे.

प्रश्नपत्रिकेत वापरले जाणारे शब्द मुलांना वेगळे शिकवावे लागतात. कारणे द्या, फरक सांगा, जोड्या लावा, गटात न बसणारा शब्द ओळखा, योग्य पर्याय निवडा, उतरत्या क्रमाने लिहा. मोठ्यांना हे शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात की ते मुलाला कळत नसतील असे वाटतच नाही. मी एकदा मुलांना विचारले, 'पुढील विधान चूक की बरोबर ते लिहा' यातले विधान म्हणजे काय? एक मुलगा ताडकन म्हणाला, "हलग्याजवळ आहे की ते, काका! मोठी पांढरी बिल्डिंग." सुवर्ण विधानसौध त्याने बसमधून पाहिलेली होती. आम्ही सगळे हसलो. पण नंतर वाटले, बिचाऱ्याचे काय चुकले? त्याला तो शब्द दुसरीकडे कुठे भेटणार?

दुसरे, 'नाही' हा शब्द. 'पुढीलपैकी कोणता प्राणी अंडी घालत नाही?' असा प्रश्न आला की निम्मी मुले अंडी घालणाऱ्या पहिल्या प्राण्यावर खूण करून मोकळी होतात. प्रश्न दोनदा वाचायचा, 'नाही' दिसले की पेन्सिलीने त्याखाली रेघ मारायची, आणि प्रश्न आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय उत्तराला हात घालायचा नाही, एवढा एक नियम आम्ही केला. "तुला काय विचारलंय ते मला सांग. उत्तर नको." हे वाक्य मी रोज वीस वेळा म्हणतो. पहिला महिना मुले कंटाळली. दुसऱ्या महिन्यात ती एकमेकांना तेच म्हणू लागली.

तिसरे, मुलांनी स्वतः प्रश्न तयार करायचे. पेपरमधली चार ओळींची बातमी द्यायची, किंवा लाईटचे बिल, बसचे तिकीट, किराण्याची यादी, आणि यावर तीन प्रश्न काढ म्हणायचे. जे मूल प्रश्न काढते त्याला प्रश्न कळतो. याला आजी-आजोबांसारखे चांगले मदतनीस नाहीत. आपल्या जुन्या घरांत पेपर रोज येतो, पुस्तकांचे कपाट असते, वेळही असतो. नातवाला मोबाईल हातात देण्याऐवजी त्याच्याकडून पेपर वाचून घ्यावा आणि मध्येच थांबवून "म्हणजे काय झालं रे?" असे विचारावे. चष्मा सापडत नाही असे म्हटले तर मूल हौसेने वाचते.

चौथे, उत्तरपत्रिकेच्या सवयी. नाव आणि क्रमांक न चुकता लिहिणे, येणारे प्रश्न आधी सोडवणे, अडलेला सोडून पुढे जाणे, गोल भरायचा असेल तर पूर्ण भरणे, शेवटची पाच मिनिटे तपासायला ठेवणे. महिन्यातून एकदा घड्याळ लावून बसवले तरी पुरे, रोज नको.

वर्गात गप्प बसणारे मूल

शाळा मुलाकडून काय अपेक्षा करते आणि घर काय शिकवते, यातही अंतर आहे. आपल्या घरांत चांगले मूल म्हणजे उलट न बोलणारे. तेच वळण घेऊन ते वर्गात जाते आणि न कळलेले विचारत नाही. बाई विचारतात, "कळले का?" सगळी मुले सुरात म्हणतात, "होऽऽ!" संपले.

शिक्षकांनाही दोष देऊन भागणार नाही. कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन. वर्ग पाच आणि शिक्षक दोन. म्हणजे एकाला दोन वर्ग आणि दुसऱ्याला तीन, तेही दोघे रोज हजर असतील तर. आपल्या खेड्यांतल्या मराठी शाळांचा पट कुठे आला आहे हे सर्वांना माहीत आहे. अशा वर्गात जे मूल हात वर करून "बाई, पुन्हा सांगा" म्हणेल त्यालाच पुन्हा सांगितले जाणार. म्हणून शाळेतून आल्यावर "आज काय शिकवलं?" याबरोबर "आज काय कळलं नाही?" हेही विचारावे, आणि ते न रागावता ऐकून घ्यावे. न कळलेले सांगितल्यावर घरात धपाटा मिळत असेल तर ते मूल शाळेत तोंड उघडेल कसे?

दुसरी गोष्ट हजेरीची. कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे आहे. म्हणजे दिवसाला ४ तास. जत्रा, मामाचे लग्न, वास्तुशांत, सौंदत्तीची यात्रा असे करत १५ दिवस गेले तर ६० तास गेले. आपण म्हणतो, लहान वर्ग आहे, काय बुडते? पण भागाकार आणि अपूर्णांक याच लहान वर्गात शिकवून होतात, पुढे कोणी ते थांबून शिकवत नाही.

आणि भीती. मूल भीती आणि ताण यांपासून मुक्त असावे, हे कायद्याच्या कलम २९ मध्येच लिहिले आहे. "नापास झालास तर म्हशी राखायला लावीन" हे आपल्या घरचे कलम त्याच्या वरचढ ठरते. पाचवीत अडलेल्या मुलाला जादा शिकवणी आणि दुसरी संधी कायद्याने आहे, हे आपल्याला ठाऊक असले तर आपला आवाज आपोआप खाली येईल.

कन्नडचा पेपर

आता जे लिहिणार आहे ते काही ज्येष्ठांना रुचणार नाही. तरी लिहितो.

२०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या सर्व शाळांत पहिलीपासून कन्नड प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून सक्तीची झाली आणि २०१७-१८ पासून ती वर्गावर्गाने लागू होत गेली. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपली माणसे गेली, ते कोणी विसरलेले नाही. सक्तीला विरोध होता आणि आहे. पण त्या विरोधाचा भार आपण पाचवीतल्या पोराच्या दप्तरात घालतो, हे योग्य आहे काय? ज्या भाषेला घरात उठता-बसता नावे ठेवली जातात त्या भाषेचे पुस्तक मूल मनापासून उघडत नाही. मग त्या पेपरात ते मागे पडते आणि आपण म्हणतो, बघा, अन्याय! अन्याय आहेच. पण त्याची शिक्षा भोगतो कोण?

आपल्या आज्या-पणज्या शनिवारच्या बाजारात कन्नडमध्ये घासाघीस करून भाजी आणत होत्या आणि घरी येऊन मराठीत ओव्या म्हणत होत्या. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द आपल्या घरात आले तेही याच शेजारातून. कन्नड येण्याने त्यांची मराठी कमी झाली नाही. मुलांना हे सांगितले तर भाषेची भीती अर्धी कमी होते. उरलेली अभ्यासाने करावी लागते. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत, मराठीत तो फरक नाही, म्हणून मराठी मूल तिथे हटकून चुकते. हे ओळखून शिकवणारा शिक्षक मिळाला तर चूक महिन्याभरात सुटते, आणि नाही मिळाला तर लाल रेघा वाढत राहतात.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. कन्नड द्वितीय भाषा आहे तर ती द्वितीय भाषेसारखीच शिकवा, घरी ती न बोलणाऱ्या मुलाला समजेल अशी शिकवा आणि पेपरही त्याच पातळीचा काढा.

मंडळाने काय करावे

पहिले, प्रश्नपत्रिकांची तपासणी. मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिका बहुधा दुसऱ्या भाषेतून उतरवलेल्या असतात आणि कधीकधी त्यातले वाक्य मलाही दोनदा वाचावे लागते. आपण याबद्दल चहाच्या टपरीवर बोलतो, कागदावर काही आणत नाही. दरवर्षीच्या प्रश्नपत्रिका जमवाव्यात, दोन मराठी शिक्षकांकडून दुर्बोध वाक्यांखाली खुणा करून घ्याव्यात, शेजारी सुबोध वाक्य लिहावे आणि ते निवेदन शिक्षण खात्याला द्यावे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करणे हे राज्यघटनेच्या ३५० अ कलमात आहे, आणि शक्य तोवर शिक्षण मातृभाषेतून असावे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. मुलाला न कळणाऱ्या मराठीतली प्रश्नपत्रिका ही सोय होत नाही, एवढेच त्यात म्हणावे. पुराव्यासह दिलेले असे एक निवेदन दहा घोषणांपेक्षा जड असते.

दुसरे, परीक्षा घ्यायची की नाही आणि कोणत्या नमुन्याने, हे शैक्षणिक वर्ष सुरू होतानाच जाहीर व्हावे, ही मागणी कन्नड माध्यमाच्या पालकांनाही बरोबर घेऊन करता येईल. २०२४ चा मनस्ताप त्यांच्याही मुलांना झाला आहे.

तिसरे, शाळा सुधारणा समिती. आपल्या गावच्या समितीवर कोण आहे, तिची बैठक केव्हा होते, हे कितीजणांना ठाऊक आहे? रंग आणि पत्रे यांवर चर्चा होतेच. कोणत्या वर्गात किती मुलांना समजून वाचता येते, हा विषय एकदा तरी ठेवून बघावा.

चौथे, मंडळाची खोली. ती संध्याकाळी रिकामी असते. सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, बँक, विमा, पोस्ट यांतून निवृत्त झालेले आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एकेक तास, फक्त प्रश्न वाचायला शिकवण्याचे काम सुरू करता येईल. शिकवणी वर्ग नको, गाईड नको, फी नको.

एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "अरे, सीमाप्रश्न सुटला की हे सगळे आपोआप सुटेल." त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी तुरुंग पाहिला आहे. पण महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ मध्ये. त्या वर्षी पहिलीत गेलेले मूल आज पंचविशी ओलांडून गेले आहे. त्यांतल्या काहींची मुले आता बालवाडीत आहेत. दाव्याची तारीख मिळेल तेव्हा मिळेल, पाचवीचे वर्ष मात्र कोणाला परत मिळत नाही. आणि निकाल आपल्या बाजूने लागला तरी त्या दिवशी मराठी समजून वाचणारी मुले या भागात असायला हवीत ना?

ती आंब्यांच्या पेट्यांची मुलगी आता वरच्या वर्गात आहे. संध्याकाळी ती अजून येते, धाकट्या भावाला घेऊन. परवा तो प्रश्न अर्धाच वाचून उत्तर सांगायला लागला तेव्हा तिने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाली, "आधी काय विचारलंय ते सांग बघू." मी काही बोललो नाही.

सभासदांना विनंती एवढीच, की आज जेवणानंतर घरातल्या किंवा शेजारच्या तिसरी ते पाचवीतल्या एका मुलाकडून एक प्रश्न वाचून घ्यावा आणि त्यात काय विचारले आहे ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. जे ऐकाल त्यावरून पुढे काय करायचे ते ठरवा. ज्यांना आठवड्यातला एक तास देता येईल त्यांनी आपले नाव कार्यालयात द्यावे. खोली उघडायला आणि झाडून ठेवायला मी येतो.